स्क्रीड वाळायचा हिवाळा

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच आठवड्यात मला फोन यायला लागतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी प्लॉट घेतलेला असतो, किंवा कुणी घ्यायच्या बेतात असतं. "मिलिंददादा, तुमच्याकडे अंडरफ्लोअर हीटिंग आहे ना? थंडीत पुरतं का? हीट पंपाचा आवाज येतो का?" इंग्लंडात स्वतःचं घर स्वतः उभं करणारी मराठी माणसं थोडी, त्यामुळे गेली चार वर्षं मी या विषयातला जाणकार ठरलो आहे. मीही सांगत बसतो. पाया खणण्याआधी प्लॉटवर दोन-तीन चाचणीचे खड्डे घ्या. पावसाळी महिने सुरू व्हायच्या आत लॉरी उभी राहील अशी खडीची पक्की जागा करा, नाहीतर डिसेंबरात ट्रक चिखलात रुततो आणि अख्खा दिवस वाया जातो. जमिनीतले पाइप झाकले जाण्याआधी शेजारी टेप धरून त्यांचे फोटो काढा. इन्शुलेशनमध्ये हात आखडू नका, हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणारं यंत्र, त्याच्याच जिवावर चालतो. हे सगळं खरं आहे आणि सगळं उपयोगी आहे. पण सांगताना माझा आवाज शांत, अनुभवी माणसाचा होतो, आणि तो आवाज अलीकडे मला सहन होत नाही.

आज सकाळी या मोसमात पहिल्यांदा जमीन कोमट लागली. स्वयंपाकघरात अनवाणी उभा होतो. बाहेर शेतावर धुकं, खिडकीच्या काचा कोरड्या, आणि तळपायाखालून ती हळू चढणारी ऊब. हिच्यासाठी आम्ही एक अख्खा हिवाळा प्लॉटवरच्या कॅरॅव्हॅनमध्ये, चाकांवरच्या एका खोलीत, काढला होता. तिथं सकाळी उठलं की भिंतींवरून पाणी ओघळलेलं असायचं. उशीचा अभ्रा ओलसर, टॉवेल ओलसर. माझ्या बायकोचे, वृंदाचे, हॉस्पिटलचे कपडे आम्ही गॅसच्या हीटरसमोर खुर्चीच्या पाठीवर वाळवायचो, त्यामुळे त्यांना कायम गॅसचा वास यायचा. कॉव्हेंट्रीला ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीतरी तिला विचारलंही होतं, डॉक्टर, तुम्ही कॅम्पिंगहून आलात का? ती हसून म्हणाली होती, हो, ऑगस्टपासून.

वृंदा भूलतज्ज्ञ आहे. मी तेव्हा मिल्टन कीन्सच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो आणि आठवड्यातले तीन दिवस घरून, म्हणजे कॅरॅव्हॅनमधून करायचो. दोन्ही गावांच्या मधोमध एका खेड्याच्या कडेला आम्हाला प्लॉट मिळाला होता. एका बाजूला जुनं ओकचं झाड, बाकी चिकणमाती.

त्या मातीचं मर्म पहिल्यांदा ओळखलं ते वृंदाच्या वडिलांनी. बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर प्रथमच इंग्लंडला आले, ते आमच्या त्या प्लॉटवर. वृंदाच्या आईंचे गुडघे दुखायचे म्हणून त्या आल्या नाहीत. लेकीकडे आलेला बाप आधी लंडन बघायला जाईल. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर बांधून प्लॉटवर उकिडवे बसले होते. ऑगस्टच्या उन्हानं जमिनीला भेगा पडलेल्या. त्यांनी एका भेगेत मनगटापर्यंत हात घातला.

"काय पाहून राहिले बाबा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यांना ते आवडायचं.

"ही आपली काळी माती हाय जावईबापू," ते म्हणाले. "रंग निराळा, सोभाव तोच. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. त्यात हे झाड. झाड पाणी ओढून राहिलं. पाया खोल न्या."

महिनाभरानं कौन्सिलचा बिल्डिंग इन्स्पेक्टर आला. त्यानंही झाडाकडे आणि मातीकडे पाहून पाया आणखी खोल घ्यायला सांगितलं. बाबा शेजारी उभे होते. त्यांना त्याचं इंग्रजी पुरतं कळलं नाही, पण हातवारे कळले. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या दिवशी मला ते फार आवडले. माझे स्वतःचे वडील मी कॉलेजात असताना गेले, आणि पुण्याच्या आमच्या घरात खिळा ठोकायलाही माणूस बोलवायचा रिवाज. कुणी माझ्याबरोबर जमिनीकडे असं बघत बसलं नव्हतं.

दोन महिने बाबा आमच्याबरोबर त्या कॅरॅव्हॅनमध्ये राहिले. सपाटी मोजायला मी भाड्यानं लेझर लेव्हल आणली होती, तरी ते पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन माझं माप तपासायचे. दुपारी माझी मीटिंग संपली की खोऱ्याला टेकून त्यांच्या धरणांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. त्यातली एक त्यांनी निदान तीनदा सांगितली. तरुणपणी एका कालव्याच्या कामावर काँक्रीट चालू असताना ते तासाभरासाठी पोस्टात गेले. परत येईपर्यंत मिक्सर बंद पडून काम मध्येच थांबलं होतं, आणि नव्या-जुन्या थरात सांधा राहिला. त्या सांध्यातून पुढं दरवर्षी पाणी झिरपलं.

"एक ध्यानात ठेवा बापू," ते म्हणायचे, "ओतकामाच्या दिवशी मालकानं साइट सोडू नये. काही होवो."

सप्टेंबरच्या शेवटी ते परत गेले. जाताना चिखलाने माखलेले बूट त्यांनी घासून, उलटे करून कॅरॅव्हॅनच्या पायरीखाली ठेवले.

मग हिवाळा आला. लाकडी सांगाडा लवकर उभा राहिला, ख्रिसमसच्या आधी छप्पर झालं, जानेवारीत खिडक्या बसल्या. जमिनीवर इन्शुलेशनचे बोर्ड अंथरले, त्यावर पांढऱ्या पाइपांची वेटोळी. त्या वेटोळ्यांतून गरम पाणी फिरणार होतं. गुडघ्यांवर रांगत तीन शनिवार-रविवार मी ते पाइप स्वतः बसवले. पाणी भरून दाब लावला, दुसऱ्या दिवशी काटा होता तिथंच होता. आता त्या पाइपांवर स्क्रीड ओतायचं राहिलं होतं. स्क्रीड म्हणजे पातळ, राखाडी, कढीसारखं वाहणारं मिश्रण. ते पंपानं आत सोडतात, आणि ते वाळलं की घराची जमीन तयार होते. कीथ नावाचा पन्नाशीतला माणूस आणि त्याची दोन माणसं हे काम करणार होती. शुक्रवार ठरला होता.

मंगळवारी संध्याकाळी नागपूरहून आईंचा फोन आला. बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला होता, आयसीयूत हलवलं होतं. वृंदानं तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांनी सांगितलेले आकडे ऐकताना तिचा चेहरा हळूहळू डॉक्टरचा होत गेला, आणि फोन ठेवल्यावर तो चेहरा तिला पुन्हा काढता येईना. तिनं बुधवारचं विमान पकडायचं ठरवलं. कॅरॅव्हॅनच्या अरुंद बिछान्यावर बॅग उघडी टाकून ती कपडे भरत होती.

"तू येशील ना?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी स्क्रीड आहे," मी म्हणालो.

ती कपड्यांची घडी करत राहिली. "पुढं नाही ढकलता येणार?"

"पंपाची तारीख गेली की थेट मार्च. फ्लोअर नाही तर पुढचं काहीच नाही."

तिनं एक स्वेटर बॅगेत ठेवला. तिनं आग्रह केला असता तर कदाचित मी गेलो असतो. असं मला वाटतं, पण या वाटण्याला काही आधार नाही. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली आणि मी म्हणालो, "बाबाच म्हणाले होते ना. ओतकामाच्या दिवशी साइट सोडू नये."

तिचे हात थांबले. मग तिनं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "म्हणाले होते."

बुधवारी सकाळी मी तिला हीथ्रोला सोडून परत आलो तेव्हा कीथ साइटवर आलेला होता. पंपाचा ट्रक कुठं लागेल, इन्शुलेशनवरच्या प्लास्टिकच्या कडा नीट चिकटवल्यात का, हे बघायला. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं हातातली मोजायची टेप गुंडाळून खिशात टाकली.

"गो," तो म्हणाला. "लीव्ह द की अंडर द स्टेप. आय डोन्ट नीड यू हिअर, मेट." मग ट्रकच्या जागेकडे एकदा बघून, "नाहीतर दोन आठवड्यांनी करू. माझी तारीख मी हलवीन. फ्लोअर इज ओन्ली अ फ्लोअर."

मी त्याला म्हणालो, नको, शुक्रवारीच करू, मी थांबतो. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

मी का थांबलो, याची उत्तरं मी या चार वर्षांत बरीच शोधली. वडिलांच्या वेळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढलेले दिवस मला परत नको होते. नागपूरच्या घरातली रडारड, नातेवाईक, जावई म्हणून काहीतरी करत असल्यासारखं दिसत उभं राहणं, हेही नको होतं. पण या उत्तरांतही मी स्वतःला थोडा बरा दाखवतो. शुक्रवार माझा होता, इतकंच. तीन शनिवार-रविवार गुडघे फोडून घेऊन बसवलेल्या त्या पाइपांवर राखाडी थर पसरताना मला बघायचा होता.

आणि तो मी बघितला. अकराच्या सुमारास पंप सुरू झाला. जाड होजमधून स्क्रीड बाहेर पडलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात, दारांच्या चौकटींपाशी, पाइपांच्या वेटोळ्यांमधून आपणहून जागा शोधत गेलं. कीथची माणसं गुडघ्यापर्यंत बूट घालून त्यात उभी होती आणि लांब दांडा वरखाली आपटत लाटा काढत होती. त्या लाटा विरल्या की मागे आरशासारखा सपाट पृष्ठभाग राहायचा. नव्या खिडकीतून आलेला जानेवारीचा पांढरा उजेड त्यावर पडला होता. मी पुढच्या दारात, बाहेरच्या बाजूला उभा होतो. मी सुखात होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

खिशात फोन दोनदा थरथरला. मी तो दुपारी बघितला. वृंदाचा मेसेज होता: बाबा थोडे शुद्धीवर आले होते. जावईबापू कुठं, म्हणाले. आज स्क्रीड ओतायचंय म्हणून सांगितलं. म्हणाले, मग बरोबर हाय.

वाचून मला शाळेतून सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. शनिवारी पहाटे बाबा गेले.

तेराव्याला मी गेलो, तीन दिवसांसाठी. आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बाबांचे ते शब्द सांगत होत्या. "जाताना जावयाचीच आठवण काढली त्यांनी. म्हणे, बरोबर हाय. कामाचा माणूस, कामावरच थांबला." आणि लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. कुणा एका काकांनी कुजकट काही म्हटलं, तेव्हा वृंदा त्यांच्याशी माझ्या बाजूनं भांडली.  मी ताटावर खाली मान घालून बसलो होतो.

ती महिनाभर तिथंच राहिली आणि मी एकटा परत आलो. स्क्रीड वाळायची वाट बघणं एवढंच काम होतं. हे मी सगळ्यांना सांगतो: इथं घाई करू नका. हीटिंग लगेच लावू नका. लावाल तेव्हा रोज थोडं थोडं वाढवा, नाहीतर जमीन तडकते. खिडक्या रोज उघडा. वरून फिकट, कोरडं दिसलं तरी विश्वास ठेवू नका. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा, खाली घामासारखे थेंब असतील तर अजून थांबायचं. मी रोज सकाळी तो तुकडा उचलायचो. फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा गेला. घरात ओल्या चुन्याचा वास होता, बोललं की आवाज घुमायचा, म्हणून मी बोलायचो नाही. वृंदा परत आली तेव्हा हीटिंग चालू होतं. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि रिकाम्या हॉलमध्ये बराच वेळ उभी राहिली. "बाबांना आवडलं असतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

तेव्हापासून आम्ही इथं राहतो. बाबांनी सांगितलेला खोल पाया जागचा हलला नाही, भिंतींना एकही भेग नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एका रविवारी तेजस आणि रुचा आले होते. मिल्टन कीन्सला दोघंही नोकरी करतात, तिशीतली, उत्साही. त्यांनी प्लॉट घेतला, तेव्हापासून माझ्या सल्ल्यानंच सगळं चाललं आहे. येताना लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय दुकानातून आणलेला चिवडा घेऊन आले. मी त्यांना प्लँट रूम, म्हणजे हीट पंपाच्या टाकीची आणि पाइपांची खोली, दाखवली, पाइपांचे फोटो दाखवले. मग स्वयंपाकघरात चहा झाला. तेजस वाकून जमिनीला हात लावून बघत म्हणाला, "काय लेव्हल आहे, दादा."

"या लेव्हलला मिलिंद स्वतः राखण बसला होता," वृंदा म्हणाली. ती चहा ओतत होती. हे ती बाहेरच्यांना नेहमी सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात एक जपलेला अभिमान असतो. "माझे बाबा तेव्हा आयसीयूत होते. पण पंपाची तारीख बदलून मिळेना. बाबांनाही ते पटलं होतं. तेही बांधकामातलेच."

रुचाचा चेहरा उजळला. "अय्या, म्हणजे हेच ते! ताई, तुमच्याच स्क्रीडवाल्याला बोलावलंय आम्ही. कीथ. मिलिंददादांनीच नंबर दिला. तो इतका स्वीट आहे. आम्ही म्हटलं, त्या वीकला आम्ही इंडियात असू, तर म्हणाला, नो प्रॉब्लेम, की ठेवून जा, नाहीतर डेट हलवू. आणि तुमचं नाव काढल्यावर त्यानं विचारलं, त्यांचे फादर-इन-लॉ बरे झाले का? म्हणाला, आय टोल्ड हिम टू गो. पण गेले नाहीत, म्हणाला."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं असावं. तिनं तेजसकडे पाहिलं.

वृंदानं किटली खाली ठेवली. "नाही," ती रुचाला म्हणाली, "बरे नाही झाले." मग चिवड्याची वाटी तिच्यापुढं सरकवली आणि विचारलं, "इंडियात कधी जाताय तुम्ही?"

ती दोघं आणखी वीस मिनिटं बसली. त्यांनी हीट पंपाबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. सर्व्हिसिंग वर्षातून एकदा. बाहेरच्या युनिटपाशी पालापाचोळा साचू देऊ नका. माझा आवाज शांत होता.

गाडी गेल्यावर वृंदा कप विसळत होती. मी कपडा घेऊन शेजारी उभा राहिलो.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

"हो."

"कधी म्हणाला होता तो?"

"बुधवारी. तुला सोडून आलो तेव्हा."

"म्हणजे गुरुवारचं विमान मिळालं असतं." तिनं नळ बंद केला. "शुक्रवारी तू तिथं असतास."

मी हातातला कप पुसत राहिलो.

"मला तू आला नाहीस याचं एवढं नाही," ती म्हणाली. "येत नाहीत लोक. मी रोज बघते, आयसीयूच्या बाहेर कोण असतं आणि कोण नसतं. पण बाबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या वतीनं बोलले. शेवटचं बोलणं होतं ते आमचं, मिलिंद. माझं आणि त्यांचं. ते सगळं तुझ्याबद्दल झालं. आणि ते खोटं होतं."

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं तू त्यांना असं सांगशील म्हणून."

"तूच दिलं होतंस मला सांगायला," ती म्हणाली. तिनं हात पुसले आणि वर गेली.

त्या आठवड्यात ती हॉस्पिटलला जात होती, येत होती, जेवताना कामापुरतं बोलत होती. बुधवारी तिनं सांगितलं की दिवाळीला ती नागपूरला आईकडे जाते आहे, किती दिवस ते ठरवलेलं नाही. मी येऊ का, असं मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

मी तिला विमानतळावर सोडलं. वाटेत फक्त एकदा बोललो. "आईंना सांगणार आहेस का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या शेतांत पाणी साचलं होतं. "नाही," ती म्हणाली. "तिच्याकडे बाबांचं तेवढंच उरलंय. माझ्याकडेही तेवढंच होतं."

काल पाडवा होता. दुपारी मी फोन लावला, वृंदानं उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत तो आईंकडे दिला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणाची तरी लहान मुलगी गात होती.

"कसे आहात जावईबापू?" आई म्हणाल्या. "एकटेच राहून राहिले. जेवण करता ना बरोबर? थंडी लय असेल तिकडे."

"थंडी आहे, पण घरात जाणवत नाही," मी म्हणालो.

"नाहीच जाणवणार. किती कष्टानं बांधलं तुम्ही. ह्यांना लय कौतुक होतं तुमचं. आत्ताच शेजारच्या बाईंना तेच सांगून राहिली होती. म्हटलं, जाताना तेच बोलले ते." त्यांनी त्या मुलीला हळू गा म्हणून सांगितलं. "तुम्ही बरोबर केलं बापू. मनात काही ठेवू नका."

मी भिंतीला टेकून उभा होतो. वृंदा त्यांच्या शेजारीच असणार, हे मला माहीत होतं.

"नाही ठेवत, आई," मी म्हणालो. "बाबांनी शिकवलं तसंच केलं."

फोन परत वृंदाच्या हातात गेला. ती आतल्या खोलीत गेली असावी, कारण भांड्यांचा आवाज कमी झाला. दार लावल्याचं ऐकू आलं.

"चांगलं बोललास," ती म्हणाली. "दर पाडव्याला असंच बोलत जा तिच्याशी."

मी तिचं नाव घेतलं, पण तोवर तिनं फोन ठेवला होता.